मसाई मारामधील एक दिवस, ज्येष्ठांच्या गतीने

घरातील मुले परदेशी सहलीचा बेत आखू लागली आणि त्यात आफ्रिकेचे नाव निघाले, की एक प्रश्न हमखास दवाखान्यात येतो : "डॉक्टर, आईबाबांना हे झेपेल का?" बहुतेक वेळा प्रश्न मुले विचारतात आणि आईबाबा शेजारी गप्प बसलेले असतात. कधी याच्या उलटही घडते. सत्तरीतले गृहस्थ एकटेच येतात, "प्रकृती उत्तम आहे असे पत्र लिहून द्या" म्हणतात आणि रात्री चारदा लघवीला उठावे लागते ही गोष्ट मुलांच्या कानावर घालू नका, अशी विनंती करतात. एकीकडे काळजीपोटी घातलेली बंदी आणि दुसरीकडे त्या बंदीच्या धास्तीने लपवलेली दुखणी. या दोहोंमध्ये एकतर मोठा आनंद हातचा जातो, नाहीतर टाळता येण्याजोगे संकट ओढवते.

'सफारी' हा स्वाहिली भाषेतील शब्द. त्याचा अर्थ प्रवास. मूळ अरबी 'सफर'. तोच शब्द आपण मराठीतही वापरतो. या शब्दात धावपळ कोठेच नाही. वन्यजीव पाहण्याच्या सफारीत चालणे फार थोडे असते. गाडीत बसायचे, थांबायचे, बोलणे आवरायचे आणि टक लावून पाहायचे. हे काम ज्येष्ठांना तरुणांपेक्षा अधिक चांगले जमते. त्यामुळे प्राण्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. अडचण येते ती पाण्याची, लघवीची, साखरेची, पाठीच्या कण्याची आणि घरी परतल्यानंतर येणाऱ्या तापाची. दिवसाची आखणी या पाच गोष्टींभोवती केली, तर साठी आणि सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांना हा प्रवास करता येतो. कसा, ते पाहण्यासाठी आपण केनियातील मसाई मारा अभयारण्यात एक संपूर्ण दिवस काढू.

पहाट : थंडी, चहा आणि इन्सुलिन

मसाई मारा हे सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य केनियाच्या नैऋत्येस, टांझानियातील सेरेंगेटीला लागून आहे. विषुववृत्त जवळ असल्याने कडक उष्मा असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हा प्रदेश समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरहून अधिक उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही वर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे चांगलीच थंडी असते आणि धावत्या गाडीत वारा अंगाला झोंबतो. स्वेटर, त्यावर वाऱ्याला अडवणारे जाकीट, कानटोपी आणि मोजे असे थरावर थर घालावेत. ऊन चढेल तसे एकेक उतरवता येतात. हृदयविकार असलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि छातीतील कळ जागी होऊ शकते. जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल तर ती खिशातच असावी, गाडीच्या मागे ठेवलेल्या पिशवीत नव्हे.

केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे चालते. रोज पाचला उठणाऱ्याला तेथे पहिल्या दोन-तीन दिवशी अडीचलाच जाग येईल. त्यासाठी झोपेची गोळी घेऊ नये. रात्री लवकर अंथरुणावर पडावे. रक्तदाबाच्या रोजच्या गोळीला या अडीच तासांच्या फरकाने बाधा येत नाही.

मधुमेहींसाठी मात्र खरा धोका पहाटेच असतो. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो आणि गाडी त्याच सुमारास निघते. निघताना हातात चहा-बिस्किटे पडतात. पोटभर न्याहारी नऊच्या पुढे, रानात झाडाखाली किंवा मुक्कामावर परतल्यावर मिळते. घरच्या सवयीप्रमाणे पहाटेच जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन निघालात, तर आठच्या सुमारास, सिंहाचा कळप समोर असताना, साखर घसरून घाम फुटेल. जेवणाआधीचे इन्सुलिन अन्न समोर आल्यावरच घ्यावे. त्यासाठी वेळा कशा बदलायच्या, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवा. इन्सुलिन विमानात हातातल्या सामानात असावे, कारण मालकक्षात ते गोठू शकते. सफारीत ते उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत सोडू नये.

स्थलांतराचा हंगाम आपल्या श्रावणाच्या आसपासच येतो. श्रावणी सोमवार, एकादशी असे उपवास करणाऱ्या मधुमेहींनी प्रवासाच्या दिवसांत उपवास सोडलेला बरा. शाकाहाराची अडचण सहसा येत नाही. केनियात भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्याने 'चपाती' आणि 'चाय' हे शब्द स्वाहिलीतच रुळले आहेत.

गाडी : कोणी कोठे बसावे

सफारीची गाडी उंच असते आणि पायरी गुडघ्याच्या वर येते. मुक्कामावर लहान स्टूल मागून घ्यावे आणि चढताना तोंड गाडीकडे ठेवावे. उतरतानाही तसेच, शिडीवरून उतरावे तसे. रस्ते कच्चे, खड्ड्यांचे. तेथील चालक या हादऱ्यांना गमतीने 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. तरुणांना ती गंमत वाटते, पण हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीच्या मणक्याला असा एक हादरा पुरतो. बसल्या बसल्या मणका दबून मोडतो आणि ते दुखणे 'पाठ आखडली' म्हणून अंगावर काढले जाते.

मागच्या चाकांवरची जागा सर्वांत जास्त उसळते. ती तरुणांना द्या. ज्येष्ठांना मधली किंवा पुढची जागा द्या. कमरेमागे लहान उशी ठेवा. गाडी चालू असताना उघड्या छतातून उभे राहू नये. आदल्या रात्रीच चालकाला स्पष्ट सांगा, की आपल्याला सावकाश जायचे आहे. यासाठी स्वाहिलीत दोन सोपे शब्द आहेत : 'पोले पोले', म्हणजे हळूहळू. एखादा प्राणी हुकला तरी चालेल, पण गाडी पळवू नका, हे ऐकून बहुतेक चालकांना बरेच वाटते.

नैरोबीहून मारापर्यंतचा रस्त्याचा प्रवास पाच ते सहा तासांचा आहे. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असल्यास नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून लहान विमानाने जाणे श्रेयस्कर. तासाभराच्या आत आपण माराच्या धावपट्टीवर उतरतो. खर्च वाढतो, परंतु दोन दिवस अंथरुणात काढण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. या विमानांत सामान साधारण १५ किलोपर्यंतच आणि मऊ पिशवीत न्यावे लागते.

सकाळ : थांबण्याचे फळ

सकाळचा पहिला तास सर्वांत समृद्ध असतो. रात्रभर चरून पाणघोडे नदीत परतलेले असतात. तरस आणि कोल्हे रात्रीच्या शिकारीच्या अवशेषांभोवती फिरत असतात. वारुळाच्या उंचवट्यावर टोपी नावाचे हरीण पहारा देत उभे असते. ऊन चढले की सिंह झुडपाच्या सावलीत आडवे होतात. दिवसाचे वीस तासही सिंह विश्रांतीत घालवतो, हे विश्रांतीची लाज वाटणाऱ्या ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे.

अशा वेळी तरुण मंडळी कंटाळून "पुढे चला" म्हणतात. आपण थांबा. झोपलेल्या सिंहिणीजवळ अर्धा तास थांबलात, तर गवतातून बछडे बाहेर येताना दिसण्याचा संभव वाढतो. चित्ता उंचवट्यावर बसून दूरवर पाहत असेल, तर त्याची नजर कोणत्या हरणावर आहे हे शोधण्यात वेळ कसा गेला ते कळत नाही.

दुर्बीण घेताना आठ पट मोठे दाखवणारी घ्यावी. दहा पटीची अधिक चांगली वाटते, पण हाताला थोडाही कंप असेल तर तिच्यातील चित्र डळमळते. कोपरे गाडीच्या कठड्यावर टेकवली की चित्र स्थिर होते. चष्मा असेल तर दुर्बिणीच्या डोळ्यांकडील रबरी कडा खाली दुमडून घ्यावी. मोतीबिंदू असलेल्यांना उन्हाची चमक त्रास देते. रुंद कडांची टोपी आणि गडद चष्मा हवाच. श्रवणयंत्र धुळीपासून जपावे आणि त्याचे जादा सेल बरोबर घ्यावेत.

पाणी आणि लघवी : न बोलला जाणारा विषय

सफारीत ज्येष्ठांना सर्वाधिक त्रास ज्यामुळे होतो, ती गोष्ट कोणी उघड बोलत नाही. रानात गाडीतून मनास येईल तेथे उतरता येत नाही. शौचालये प्रवेशद्वारांपाशी, धावपट्ट्यांपाशी आणि मुक्कामाच्या ठिकाणी असतात. मग लघवी लागू नये म्हणून माणसे पाणी पिणेच सोडतात. कोरड्या, उंचावरच्या हवेत, वारा आणि उन्हात चार-पाच तास पाण्याविना काढले की चक्कर येते, बद्धकोष्ठता वाढते, स्त्रियांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. रक्तदाबासाठी ठरावीक गोळ्या आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. परक्या ठिकाणी ज्येष्ठ अचानक गोंधळल्यासारखे वागू लागले, तर त्यामागे पुष्कळदा हाच कोरडेपणा असतो.

यावर उपाय आहेत आणि ते सारे लाज बाजूला ठेवण्यापासून सुरू होतात. दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याची मर्यादा घालून दिली असेल, तर तिच्या आतच, पण दिवसभरात वाटून प्यावे. दीड-दोन तासांनी थांबा हवा हे चालकाला निघतानाच सांगावे. कोठे थांबणे सुरक्षित आहे ते त्याला ठाऊक असते आणि ही मागणी त्याला नवी नसते. लघवीची गोळी सकाळी घेत असाल, तर फेरीच्या दिवशी ती दुपारी मुक्कामावर आल्यानंतर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्रौढांसाठीचे डायपर वापरण्यात कमीपणा नाही. त्यामुळे चार तास निश्चिंत मनाने हत्ती पाहता येत असतील, तर तो सौदा चांगलाच आहे.

प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांसाठी एक विशेष सूचना. धुळीने शिंका येतात, गाडीने मळमळते, आणि सहप्रवासी प्रेमाने सर्दीची किंवा प्रवासाची गोळी देऊ करतात. अशा बऱ्याच गोळ्यांमुळे लघवी तुंबू शकते आणि ज्येष्ठांना गुंगी व भ्रमही होऊ शकतो. रानात लघवी तुंबणे ही मोठी आपत्ती ठरते. दुसऱ्याच्या डबीतली गोळी घेऊ नये.

दुपार : परतावे की नदीवर थांबावे

जुलै ते ऑक्टोबर या काळात दहा लाखांहून अधिक विल्डेबीस्ट आणि त्यांच्याबरोबरचे लक्षावधी झेब्रे व हरणे यांच्या वार्षिक भ्रमंतीतील मोठा भाग मारा परिसरात पोहोचतो. मारा नदी ओलांडणारे कळप आणि पाण्यात दबा धरून बसलेल्या मगरी हे दृश्य पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात. परंतु कळप काठाशी जमतो, तासन्‌तास घुटमळतो आणि पुष्कळदा तसाच माघारी वळतो. ते पाहायचे म्हणजे डबा घेऊन पूर्ण दिवस बाहेर, तापलेल्या गाडीत.

माझा सल्ला असा : मुक्काम किमान तीन रात्रींचा ठेवा आणि त्यांपैकी एकच दिवस पूर्ण बाहेर काढा. उरलेल्या दिवशी सकाळची फेरी करून अकराच्या आत परता, जेवा, पाय उंच ठेवून पडा आणि चारच्या सुमारास पुन्हा निघा. प्राणीही दुपारी हेच करतात. गाडीत दर तासाला घोटे वरखाली हलवावेत, पोटऱ्या आवळून सोडाव्यात. मुंबई ते नैरोबी या सुमारे सहा तासांच्या विमानप्रवासातही हेच करावे. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो.

संध्याकाळ : जिराफ आणि हत्तीण

संध्याकाळच्या उतरत्या उन्हात जिराफ पाहताना डॉक्टरला वेगळेच कुतूहल वाटते. एवढ्या उंच मानेवरच्या मेंदूपर्यंत रक्त चढवायचे म्हणून त्याचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो. तरीही त्याच्या पायांना सूज येत नाही, कारण पायांची कातडी घट्ट, ताणलेल्या मोज्यासारखी असते. पायांना सूज येणाऱ्यांना आपण जे दाबमोजे देतो, त्यांचे तत्त्व हेच. पाणी पिऊन मान वर उचलतानाही मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळणारी रचना त्याच्याकडे असते. आपल्याकडे ती एवढी कार्यक्षम नाही. म्हणून दीर्घ बैठकीनंतर गाडीतून एकदम उठू नये. आधी पाय हलवावेत, मग उभे राहावे, मग पाऊल टाकावे.

हत्तींचा कळप दिसला तर गाडीचे यंत्र बंद करायला सांगा आणि पुढे कोण चालते ते पाहा. कुटुंबाची प्रमुख ही बहुधा सर्वांत वयस्क हत्तीण असते. केनियातीलच अंबोसेली येथे सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास चालवला. तेथेच कॅरन मॅकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंहांच्या डरकाळ्यांचे ध्वनिमुद्रण हत्तींना ऐकवले. नर सिंहाचा धोका अधिक मोठा असतो. तो आवाजावरून ओळखून कळपाला सावध करण्यात सर्वांत वयस्क हत्तिणी सरस ठरल्या. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा संच झिजला की म्हातारे हत्ती दलदलीकाठचा मऊ चारा शोधतात. कवळी सांभाळून मऊ भात खाणाऱ्यांना त्यांच्याविषयी जवळीक वाटेल.

रात्र : पडू नका

ज्येष्ठांना सफारीत सिंहापेक्षा तंबूच्या उंबऱ्याचे भय अधिक आहे. अनोळखी खोली, मंद उजेड, रात्री कधी कधी वीज बंद, आणि लघवीसाठी उठणे. विजेरी उशाशी ठेवावी. आल्या दिवशी उजेडातच पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट दोनदा चालून पाहावी. घसरत्या सपाता नेऊ नयेत. अंधार पडल्यावर रखवालदाराला बरोबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. अनेक मुक्कामांना कुंपण नसते आणि पाणघोडे रात्री चरायला निघतात. झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांनी रात्रभर वीज मिळेल का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. डासांसाठी मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचे मलम आवश्यक. दिवसा चावणारी त्सेत्से माशी गडद निळ्या व काळ्या रंगाकडे ओढली जाते. खाकी किंवा मातकट कपडे बरे.

निघण्यापूर्वी : पिवळा ताप, मलेरिया आणि विमा

किमान दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि ते आजन्म चालते. ही लस जिवंत विषाणूंपासून केलेली आहे. साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणाम क्वचित, परंतु तरुणांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, थायमस ग्रंथीचा विकार किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले यांनी ती टाळायची असते. म्हणून "प्रमाणपत्र तेवढे मिळवून द्या" असे कोणालाही म्हणू नका. लस घेता येत नसेल तर ठिकाण बदला. दक्षिण आफ्रिकेत पिवळा ताप नाही आणि तेथील पिलानेसबर्ग व मादिक्वे या अभयारण्यांत मलेरियाही नाही. तेथेही हत्ती, सिंह, गेंडे दिसतात. मात्र विमान वाटेत कोणत्या देशात बदलायचे आहे, त्याचे नियम तपासून पाहा.

मारामध्ये मलेरियाचा धोका असतो आणि प्रतिबंधक गोळ्या प्रत्येकाला सारख्या चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिनने उन्हाची बाधा वाढते आणि वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा प्रभावही वाढू शकतो. मेफ्लोक्विन नैराश्य किंवा फिट्स असलेल्यांना देत नाहीत. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल मूत्रपिंडे फार कमजोर असल्यास टाळतात. कोणतीही गोळी परतल्यानंतरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायची असते.

विम्याच्या अर्जात जुने आजार लपवू नका. लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो. रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च विम्यात धरला आहे का, ते पाहा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून काम करणारी 'ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स' ही संस्था पर्यटकांना अशी सेवा देते. तिच्या मूळ संस्थेची स्थापना १९५७ सालची आहे.

परतल्यानंतर : तो ताप

परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात डेंग्यू, लेप्टो आणि विषाणुजन्य तापाची साथ असते, त्यामुळे डॉक्टरांचे लक्ष प्रथम तिकडे जाते. दारातून आत शिरतानाच सांगा : "मी आफ्रिकेहून आलो आहे." तेथील फाल्सिपॅरम मलेरिया एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. पहिली तपासणी निर्दोष आली आणि ताप राहिला, तर ती पुन्हा करावी लागते. सत्तरीनंतर ताप फारसा चढत नाही. केवळ गळून जाणे, झोपाळूपणा किंवा असंबद्ध बोलणे एवढेच दिसू शकते. घरच्यांनी ते वयावर ढकलू नये.

सोबत करणाऱ्यांसाठी

आईबाबांना नेणार असाल, तर तिकिटे काढण्यापूर्वी त्यांच्याशी एक बैठक करा. रात्री किती वेळा उठता, गाडीत किती वेळ बसवते, कोणती गोळी कधी घेता, हे विचारा. आणि उत्तर काहीही आले तरी बेत रद्द करणार नाही, फक्त बदलू, असे आधीच सांगा. हे आश्वासन मिळाले की माणसे खरे बोलतात.

एखादी फेरी सोडण्याचा हक्क त्यांना द्या. मुक्कामाच्या ओसरीवर बसूनही माळरान दिसते आणि तेथे झेब्रे येतात. मात्र तेथे त्यांना अगदी एकटे ठेवू नका. आळीपाळीने कोणीतरी थांबावे. म्हणजे रोज सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीलाही एक सकाळ निर्धास्तपणे रानात जाता येईल. आणि ज्येष्ठांनो, आपण दमला असाल तर "दमलो" म्हणा. गाडी थोडी लवकर वळेल, एवढेच.